कोणाची गरज नसलेले भाऊ

"मले कोनाची गरज नाई," असं म्हणता म्हणता भाऊ डावा हात बाजूला पसरायचे. तळवा वर, नजर समोर रस्त्यावर. जीपमध्ये त्यांच्या शेजारी जो बसला असेल त्यानं त्या हातात काय ठेवायचं ते ओळखायचं. कधी पाण्याची बाटली, कधी काळा चष्मा, कधी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्या हातात कॅम्पची फाईल ठेवली होती. भाऊंनी आधी फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, चष्मा," ते म्हणाले. चष्मा त्यांच्याच कपाळावर चढवलेला होता.

असा पसरलेला हात तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमच्या घरी मोठ्या भावाचा आहे. आंघोळ झाली की न्हाणीच्या दारातून बाहेर येतो आणि टॉवेलची वाट बघतो. बाईचा असा हात मी अजून पाहिलेला नाही. दिसला तर कळवा.

भाऊ आमच्या गाडीचे ड्रायव्हर. चंद्रपुरातल्या एका संस्थेच्या दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग आहे. तिथे मी मानसशास्त्रज्ञ, म्हणजे पेशंटच्या चाचण्या घेणारी. आठवड्यातून एकदा डॉक्टर, नर्स, मी आणि औषधांची खोकी असे सगळे जीपमध्ये कोंबून भाऊ गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत अहेरीच्या कॅम्पला न्यायचे. वाटेतली गावं आम्हाला "डोक्याची गाडी" म्हणायची. भाऊंना त्याचा राग यायचा. आपल्या डोक्याला काही झालेलं नाही, हे ते चहाच्या टपरीवर न विचारता सांगायचे.

त्यांचा डबा चार पुडांचा. कोणत्या पुडात काय आहे हे भाऊंना माहीत नसायचं आणि तो उघडायचा कधी हेही माहीत नसायचं. ते वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, माहीत. दुपारी वहिनींचा मिस कॉल आला की भाऊंना भूक लागायची. आता आष्टीचा पूल ओलांडून जंगल लागलं की मोबाईलची रेंज जाते. तेव्हा आलापल्लीच्या अलीकडे एका चढावर, जिथे रेंजची एखादी काडी यायची, तिथे भाऊ गाडी थांबवायचे. मागे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागायची, ते हॉर्न वाजवून कान किटवायचे. भाऊ फोन कानाला लावून शांत उभे.

"का वं, जेवू का?"

मग थोडं ऐकून घ्यायचे. "हो. हो. मंग वरच्या पुडातलं आधी खाऊ का?"

एकदा आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ, भूक तुम्हाला लागते की वहिनींना?"

"मले काई लागत नाई. तिले बरं वाटते म्हनून विचारतो," भाऊ म्हणाले आणि पाण्यासाठी हात पसरला. डॉक्टरांनीच बाटली दिली.

तर एका वर्षी आमच्याकडे नवी प्रश्नावली आली. माणूस दुसऱ्यावर किती अवलंबून आहे हे मोजायची. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं, शेवटी हो मोजायचे. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की परावलंबी. पेशंटवर वापरण्याआधी ती ओळखीच्या माणसांवर करून बघायची म्हणून मी एका रविवारी भाऊंच्या घरी गेले. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले. वहिनी उंबऱ्यावर अंबाडी निवडत होत्या.

"महत्त्वाचा निर्णय घेताना तुम्हाला दुसऱ्याचा आधार लागतो का?"

"नाई."

"एकटं राहावं लागलं तर घाबरून जाता का?"

"हॅट. नाई."

"सोबत कोणी नसलं तर तुमची रोजची कामं अडतात का?"

"माह्यं काई अडत नाई." मग मान न वळवता, "का वं, माह्यं काई अडते का?"

"नाई अडत," वहिनी म्हणाल्या. उठल्या, आणि त्यांच्या पसरलेल्या हातात पाण्याचा पेला ठेवून परत अंबाडीपाशी बसल्या.

वहिनींनी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. "हो बाई", "हो तं", "त्यायले विचारल्याबिगर काई करत नाई मी". एकही प्रश्न त्यांनी सोडला नाही. भाऊंचा शून्य आला आणि वहिनी रेषेच्या कितीतरी वर गेल्या. प्रश्नावलीच्या हिशेबानं घरात एक स्वतंत्र पुरुष होता आणि त्याला चिकटलेली एक बाई. भाऊंनी दुसऱ्या दिवशी आख्ख्या दवाखान्याला सांगितलं. "आपला शून्य आला. घरचीचे लय आले. बाईमानूस हाय न."

मी हसले, पण मला नवल वाटलं नाही. आमच्या अभ्यासात हे शिकवतात. थेट विचारलं की बायका हो म्हणतात आणि पुरुष नाही म्हणतात, कारण हो म्हणणाऱ्या बाईला लोक चांगली म्हणतात आणि हो म्हणणाऱ्या पुरुषाला हसतात. आडून विचारलं तर हा फरक बहुतेक विरून जातो. शिवाय प्रश्न कोणते विचारायचे हेही कोणीतरी ठरवलेलं असतं. तुमची बनियान कोण शोधून देतं, तुमच्या बीपीच्या गोळ्या कोणाच्या लक्षात असतात, सासरी गेलेल्या मुलीशी तुमच्या वतीनं फोनवर कोण बोलतं, असा प्रश्न त्या कागदावर एकही नव्हता. असते तर भाऊ पहिल्या नंबरानं आले असते.

वहिनी एकट्या राहिल्या तेव्हा काय झालं ते सांगते. निवडणुकीच्या कामाला आमची गाडी लावली गेली आणि भाऊ तिच्याबरोबर एटापल्लीच्या पुढे जाऊन अडकले. फोन नाही, निरोप नाही. तेवढ्या काळात वहिनींनी छताचे गळके पत्रे बदलून घेतले, मुलीसाठी आलेलं गोंडपिपरीचं स्थळ जाऊन बघितलं आणि बोलणीही करून ठेवली. मी विचारलं, "हे सगळं तुम्ही एकट्यानं ठरवलंत?"

"नाई वं बाई. त्यायले विचारून केलं."

"फोन तर लागत नव्हता."

"मनात विचारलं न," वहिनी म्हणाल्या. "ते हो म्हनले."

त्यांच्या माहेरी, सासरी, आजूबाजूला सगळ्या बायका असंच करतात. आधी ठरवायचं, मग विचारायचं, मग त्यांनी सांगितलं म्हणून करायचं. प्रश्नावलीत त्याचा परावलंबनाचा एक गुण धरतात.

आणि भाऊ एकटे राहिले तेव्हा? मुलीचं लग्न झालं, पहिलं बाळंतपण आलं, वहिनी गोंडपिपरीला गेल्या. मुलीचं सासर शेतकऱ्याचं, धानाचं आणि कापसाचं. तिकडे कामाची घाई, त्यामुळे वहिनींना पुष्कळ दिवस राहावं लागलं. भाऊ उलटी बनियान घालून यायचे. एका पायात चप्पल, एका पायात सँडल, असेही एकदा आले. बिस्किटांवर दिवस काढले. आणि कॅम्पहून परतताना दर वेळी त्यांना जीपच्या ब्रेकमधून आवाज ऐकू यायचा, नेमका गोंडपिपरीच्या अलीकडे.

"इथला मिस्त्री चांगला हाय," ते म्हणायचे. "तुम्ही चहा घ्या. मी दाखवून येतो."

गाडी आमच्यापाशीच उभी असायची. भाऊ पायी जायचे. परत येताना तोंड धुतलेलं, भांग पाडलेला, बनियान सुलटी.

शाईच्या डागांची एक जुनी चाचणी असते. डाग दाखवायचा आणि काय दिसतं ते विचारायचं. बरोबर-चूक काही नसतं, त्यामुळे माणूस सावध राहत नाही. एकदा आष्टीला टायर फुटला. झाडाखाली बसल्या बसल्या मी भाऊंना डाग दाखवले.

"हे चुलीवर भाताचं गंज हाय. उतू जाऊन राह्यलं."

"आणि हे?"

"पाखराचं पिल्लू. तोंड उघडून बसलं, माय येईन म्हनून."

"इथे?"

"ही बाई वाढून राह्यली. आन् हा, हा पहा, मांडीवर डोक्शं ठेवून झोपला."

डागांमागून डाग गेले. कुठे भांडं, कुठे ताट, कुठे कोणी कोणाला भरवतंय. एवढी भूक मी कुठल्याच चाचणीत पाहिली नव्हती. भाऊंनी शेवटचा डाग परत दिला आणि विचारलं, "पास का?" मी म्हटलं, पास. "मंग? मी सांगूनच राह्यलो, मले कोनाची गरज नाई." टायर बसला होता, ते उठून गेले.

वहिनी एका उन्हाळ्यात गेल्या. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगणार. भर दुपारी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होत्या, मुलीकडे पाठवायच्या म्हणून. ऊन लागलं. दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांना भान नव्हतं. भाऊ पलंगाशेजारी उभे होते आणि नर्सला सारखे विचारत होते की आता मी काय करू. नर्स म्हणाली, बसा. भाऊ बसले. वहिनी गेल्या तेव्हाही ते तसेच बसलेले होते, कोणी ऊठ म्हणेपर्यंत.

मुलगी न्यायला आली होती. "बाबा, चाला न गोंडपिपरीले."

"काऊन? मले कोनाची गरज नाई."

भाऊ कामावर येत राहिले. डब्याऐवजी बिस्किटाचा पुडा. त्या चढावर गाडी तशीच थांबवायचे, खाली उतरायचे, फोन हातात धरून उभे राहायचे आणि परत येऊन बसायचे. आम्ही गाडीत थांबायचो. मागचे ट्रकवाले मात्र शिव्या देत पुढे जायचे. दुपारी मीच म्हणायला लागले, "भाऊ, जेवा आता." ते जेवायचे. मी विसरले त्या दिवशी जेवले नाहीत. मग वर्षाअखेरीस निवृत्त झाले आणि 'जेवा' म्हणायची आमची तेवढीही सोय संपली.

त्याच सुमारास दवाखान्यानं एक योजना सुरू केली. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे दर गुरुवारी नर्स जाईल, खाणंपिणं, औषधं बघेल, घटकाभर बसेल. नर्स एकच, गल्ल्या पुष्कळ. म्हणून घ्यायचं कोणाला हे ठरवण्यासाठी तीच प्रश्नावली. रेषेच्या वर असेल त्याच्याकडे जायचं. भाऊंच्या गल्लीतली एक विधवा बाई सगळ्याला हो म्हणाली आणि तिचं नाव लागलं. ती पुढे चांगली सावरली, गुरुवारी नर्ससाठी पोहे करून ठेवायची. भाऊ सगळ्याला नाही म्हणाले.

मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, शाईचे डाग सांगितले, ही प्रश्नावली पुरुषांची गरज पकडतच नाही हेही सांगितलं. त्यांना ते पटलंही.

"पण मॅडम, वर गुण पाठवावे लागतात. डाग कसे पाठवू? आणि एका शून्यवाल्याला घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

यादीत बहुतेक बायकाच होत्या. पुरुष एकटे राहत नव्हते असं नाही. ते नाही म्हणत होते.

मुलगी एकदा मला भेटायला दवाखान्यात आली. बाळ कडेवर, डोळे रडलेले. "मॅडम, तुमच्या चाचनीत बाबाले नापास करा न," ती म्हणाली. मी तिला समजावलं की प्रश्न नर्ससमोर वाचावे लागतात, उत्तर त्यांच्याच तोंडून यावं लागतं. ती म्हणाली, "ते तं मेले तरी हो म्हननार नाई."

मी अधूनमधून भाऊंच्या घरी जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा केला. बिनसाखरेचा.

"साखर कुठी ठेवली होती तिनं, सापडत नाई," ते म्हणाले. वहिनींना जाऊन कित्येक महिने झाले होते. मी फळीवरचे डबे उघडून बघितले. साखर बिस्किटांच्या जुन्या डब्यात होती, दगड झालेली. मी फोडून बरणीत भरली, बरणी त्यांच्यासमोर गॅसपाशी ठेवली. पुढच्या वेळी गेले तर बरणी तिथेच, तेवढीच भरलेली. मी विचारलं, साखर का नाही घेतली.

"कोनी घे म्हनलं नाई," ते म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नसावं, कारण लगेच पुढचं वाक्य नेहमीचंच आलं.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. इतकी वर्षं ही चाचण्यांची कामं करते, पेशंटसाठी रडायचं नाही ही आमची पहिली शिकवण. पण ते पेशंट नव्हतेच, तीच तर अडचण होती.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ गल्लीत चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी आमच्या दवाखान्यात आणलं. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, सलाईन लावलं. आजार असा काही सापडला नाही. मी नर्सला घेऊन वॉर्डात गेले, प्रश्नावली काढली. मनातून ठरवून गेले होते की आज हवं तर हात जोडायचे, पण एकदा तरी हो म्हणवून घ्यायचं.

"भाऊ, एकटं राहावं लागलं तर घाबरून जाता का?"

एरवी नाही तयारच असायचं. या वेळी ते म्हणाले, "तिनं काय म्हनलं होतं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "वहिनी हो म्हणाल्या होत्या."

"मंग हो."

मी पुढचा प्रश्न वाचला. सोबत कोणी नसलं तर कामं अडतात का.

"तिनं?"

"हो म्हणाल्या होत्या."

"मंग तेच लिहा."

असा एकेक प्रश्न. मी वाचायची, ते विचारायचे, मी सांगायची. काही आठवावं लागलं नाही, वहिनींनी सगळ्यालाच हो म्हटलेलं होतं. नर्सनं लिहिणं मध्येच थांबवलं आणि पदरानं डोळे पुसले. सगळे प्रश्न संपल्यावर भाऊंनी विचारलं, "किती आले?"

"वहिनींइतकेच."

"बरं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. मोठ्या डॉक्टरांनी काही न विचारता सही केली आणि भाऊंचं नाव गुरुवारच्या यादीत गेलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मुलगी न्यायला आली होती. शेतात धानाची रोवणी चाललेली, तरी आली होती. भाऊ तिच्याबरोबर जायला तयार नव्हते, पण या वेळी कारण दुसरं होतं.

"बेस्तरवारी नर्स येनार हाय म्हनते माह्या घरी," ते म्हणाले. "मी नसलो तं ती वापस जाईन. घरी राहा लागन."

"बाबा, रोवनी झाली का मी येतो घ्याले," मुलगी म्हणाली. सासरी दुसरे हात नव्हते, तिला परतावं लागलं. जाताना तिनं शेजारणीला डबा द्यायला सांगितलं. शेजारीण चांगली होती, तिनं डबा नेऊन दारात दिला. आत बसून जेवा म्हणायला थांबायचं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी ओपीडीत होते. नर्सचा फोन आला. ती भाऊंच्या दारात उभी होती.

"मॅडम, कुलूप आहे. शेजारच्या बाई म्हणतात, काल पहाटेच वारले. मुलगी येऊन देह गोंडपिपरीला घेऊन गेली." मागे पावसाचा आवाज येत होता. तिनं विचारलं, "गृहभेटीचं काय लिहू? इथे दोनच दिलेत. 'भेट झाली', नाहीतर 'घरी कोणी नाही'."

माझ्यासमोर खुर्चीत एक पेशंट बसलेला होता. बायको मागे उभी होती, त्याची पिशवी धरून.

"घरी कोणी नाही, असं लिही," मी म्हटलं. तिनं लिहिलं आणि पोहेवाल्या बाईंकडे गेली.